गहू भिजत घातलेत, आणि आई म्हणते "तुझं तू बघ"

चौथामजला | ९ मे, रात्री ९.४०

मंडळी, आत्ता ओट्यावर एक किलो लोकवन गहू पातेल्यात बुडून बसलेत आणि मी त्यांच्याकडे बघत हे टंकतोय.

आमच्याकडे दर मे महिन्यात कुरडया होतात. म्हणजे आई करते. निफाडकडच्या गावी होतो तेव्हा पाच-पाच किलोच्या व्हायच्या, अंगणात बाजा टाकून. पुण्यात आल्यावर दोन किलोवर आलो. यंदा तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. "बचत गटाच्या बायका चांगल्या करतात, त्यांच्याकडून आण अर्धा किलो," म्हणाली आणि पेपर उघडला. विषय संपला.

आणल्या. तळल्या, छान फुलल्या. बायको म्हणाली, ह्या आईंच्यापेक्षा पांढऱ्या आहेत. (आईसमोर नाही म्हणाली.) पण पाकिटाबरोबर चीक येत नाही ना!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कुरडईसाठी शिजवलेला गव्हाचा चीक सोऱ्यात जायच्या आधी वाटीत घेऊन खायचा. कुणी दूध-साखर घालतं. आमच्याकडे वर कच्चं तेल आणि लाल तिखट. पहाटे साडेपाचला, तोंड पोळेल इतका गरम. बोटांना चिकटतो, टाळूला चिकटतो. वर्षातून एकदा, माणशी एक वाटी, कारण बाकीचा वाळवायचा असतो. खरं सांगायचं तर त्याला चव अशी काही नसते. तरी मला तो हवाय.

आईला विचारलं, कसं करायचं? "करत गेलं की होतं." किती दिवस भिजवायचे? "वास येईपर्यंत." कसला वास? "तुझं तू बघ. नासले तर मला सांगायला येऊ नकोस."

वय ४६, बँकेत नोकरी. वाळवणाचा अनुभव: लहानपणी काठी घेऊन कावळे हाकलणे. मदत करा.


जुनी_काकू | ९ मे, रात्री १०.१५

तीन दिवस भिजू दे. रोज सकाळी पाणी बदलायचं, एकही दिवस चुकवायचं नाही. बदलताना गहू रगडू नकोस, नुसते खळबळून घे. चौथ्या दिवशी दाणा चिमटीत दाबलास की पांढरं दूध पचकन बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर अजून एक दिवस.

वास येणारच. आंबूस यावा, कुजका येऊ नये. आईला सांगता आलं नाही यात तिची चूक नाही, मलाही लिहून सांगता येत नाही. नाक लावत जा रोज.


शंकासुर | ९ मे, रात्री १०.३२

एक किलो गहू, चार दिवस, गॅस, मिक्सरची झीज, एक रजा. हाती काय, तर डबाभर तळण. शिवाय त्या बचत गटाच्या बायकांचं घर त्यावर चालतं, त्यांच्याकडून घेतलेलं काय वाईट? उगाच गावच्या आठवणींचे उमाळे.


चौथामजला | ९ मे, रात्री १०.४१

शंकासुर, हिशेब बरोबर आहे, मी बँकेतच आहे. आणि त्यांच्याकडूनही घेतोच आहे. पण चिकाचं काय?


वऱ्हाडी_ठेचा | १० मे, सकाळी ७.०५

राजेहो, अकोल्याहून. आमच्याकडे याले कुरोड्या म्हणतेत. आन् ऊन फुकट भेटते, पाह्यजे तेवढं घेऊन जा.

आमच्या इकडे उन्हाळा लागला हे कॅलेंडर सांगत नाही, कूलर सांगते. माळ्यावरून काढा, धूळ झटका, मागच्या सालच्या ताट्या सडल्या असतात त्या फेका, बाजारातून नव्या आणा. पहिल्यांदा पाणी सोडलं का वाळ्याचा जो वास घरभर सुटते ना, त्याच्यासाठी मी तं म्हणतो मार्च-एप्रिलही माफ. मग दोन महिने एकच भांडण: टाकीत पाणी भरायचा नंबर कोणाचा. माझ्या भावानं एकदा पाळीचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला होता. त्यात त्याचं नाव नव्हतं.

२३ मे २०१३ ले मी नागपुरात होतो. ४७.९ अंश. पंख्याचं बटण दाबाले गेलो तं बटणही गरम. त्या दिवशी कुरोड्या टाकल्या असत्या तं थेट तळूनच निघाल्या असत्या.


सुका_बोंबील | १० मे, सकाळी ८.२०

वसईहून नमस्कार. आमच्या मामांनी विदर्भातून हौसेने कूलर आणला होता. आठवडाभर चालवला, सगळ्यांना घाम दुप्पट आणि पापड मऊ. इथली हवाच आधी ओली, ती आणखी पाणी पिणार कुठून? पाणी उडून गेलं तर गारवा येणार ना. माठाचंही तेच. पुण्यातल्या माठाला दुपारी हात लावला की हुडहुडी भरते, आमचा माठ आपला नुसता घामाघूम उभा.

आमच्याकडे वाळवण म्हणजे बोंबील. वलांडीवर जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बोटी बंद, म्हणून बोंबील, जवळा, सोडे सगळं त्याआधी डब्यात जायला हवं. तुम्हाला कुरडयांचा वास येतो म्हणून काळजी वाटते? एकदा इकडे या.


आमसूल | १० मे, दुपारी ३.१०

बांद्याहून. आमच्या अंगणात आज रातांबे फोडणं चाललंय. बिया आणि रस वेगळा, सालं वेगळी. सालं उन्हात टाकायची, संध्याकाळी मीठ घातलेल्या त्याच रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. अशी पुटं देत राहायचं, सालं काळी पडेपर्यंत. माझी बोटं सध्या अशी लालजांभळी आहेत की बसमध्ये बाजूची बाई सरकून बसली.

पलीकडे गोव्यात या सगळ्या बेगमीला पुरुमेंत म्हणतात, पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच. पावसात चार महिने दारातच बाजार नाही असं समजून भरायचं. आता बारा महिने सगळं मिळतं, तरी मे महिन्यात माझ्या सासूबाईंना बरण्या रिकाम्या बघवत नाहीत. परवा त्यांनी बरणीत काही घालायला नव्हतं म्हणून बटणं घालून ठेवली.


कळण्याची_भाकरी | १० मे, रात्री ९.५०

जळगाव. आमच्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या की त्या निंबाच्या झोक्यावर आणि कुरडया-बिबडे बाजेवर. बिबडे ज्वारीचे, त्यांची गोष्ट वेगळ्या धाग्याची आहे.

दादा, चोथा फेकू नका! गहू गाळून उरलेल्या चोथ्यात तिखट-मीठ, जिरं, तीळ, थोडा चीक घालून भुसवड्या टाका. आमच्या घरी कुरडया पाहुण्यांना आणि भुसवड्या घरच्यांना, आणि घरच्यांची त्याबद्दल एका शब्दाने तक्रार नसते.


चौथामजला | ११ मे, रात्री ८.३०

दिवस दुसरा. वास आलाय. आंबूस की कुजका, घरात मतभेद आहेत. बायकोने पातेलं बाल्कनीत हलवलं. शेजारच्यांनी अत्यंत सभ्यपणे विचारलं, ड्रेनेज तुंबलंय का?

मोठी अडचण वेगळीच. गच्चीला कुलूप. सोलरवाले आणि केबलवाले सोडून चावी कुणाला मिळत नाही, मागे कुणीतरी वर पार्टी केली तेव्हापासूनचा ठराव आहे. सेक्रेटरींना भेटलो. ते म्हणाले, लेखी द्या. तर आज बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी आयुष्यातला सर्वात गंभीर अर्ज लिहिला: "विषय: कुरडया वाळत घालण्यासाठी गच्चीची चावी तीन दिवसांकरिता मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून..." संभाव्य वजन आणि व्यापलेली जागा (अंदाजे चार बाय सहा फूट) हेही लिहिलं. मॅनेजर मागे उभे राहून वाचत होते, ते मला उशिरा कळलं. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "आमच्याकडे चीक गुळाबरोबर."


मेलबर्नचा_माठ | १२ मे, पहाटे ४.५०

आमच्याकडे आता स्वेटर निघालेत, म्हणून हा धागा पांघरुणात बसून वाचतेय. इथे वाळवण जानेवारीत. उत्तरेचा गरम वारा सुटला की पारा चाळिशी गाठतो, पण दुसऱ्या दिवशी धाडकन विशीत. म्हणून हवामान बघून गहू भिजवायचे. यंदा इस्त्रीच्या टेबलावर पातळ अंथरून घातल्या. कावळ्यांच्या जागी इथे मॅगपाय. एक आला, कुरडई उचलली, बघितली आणि परत ठेवली. एवढा अपमान सासरीसुद्धा झाला नाही.

आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "मागे धुणं काय वाळत घातलंयस, शिंतोडे उडतील."


चौथामजला | १२ मे, रात्री ११.२०

चावी मिळाली!! अर्जावर शेरा: "मंजूर. तेल सांडू नये."

आज वाटण. दाणा दाबला, पचकन दूध आलं, काकू, अगदी तुम्ही म्हणालात तसं. मिक्सरमधून काढून आधी चाळणीतून, मग आईच्या जुन्या सुती पातळातून गाळलं. चोथा परत पाणी घालून फिरवला, परत गाळला. तीनदा. ओटा, भिंत, मी, सगळं पांढरं. मुलगी (नववीतून दहावीत, क्लासची सुट्टी) मदतीला आली, फोटो काढून गेली.

आई मधे एकदा पाणी प्यायला आली. पातळ बघून म्हणाली, "ते नव्हतं घ्यायचं, ते चांगलं होतं." बस.

आता मोठ्या पातेल्यात निवळायला ठेवलंय. सकाळी पाणी वर, चीक खाली.

प्रश्न: चिकाला पाणी किती? आईला विचारणार नाही.


जुनी_काकू | १२ मे, रात्री ११.२८

वाटीला वाटी. त्याच वाटीने.


कळण्याची_भाकरी | १२ मे, रात्री ११.३१

वाटीला पाऊण. वाटीला वाटी घेतलं तर सोऱ्यातून खीर पडेल.


जुनी_काकू | १२ मे, रात्री ११.३३

४० वर्षं वाटीला वाटीच घेतेय. खीर पडलेली नाही.


प्रयोगशाळा | १२ मे, रात्री ११.४५

दोघीही बरोबर असाल. खाली बसलेल्या चिकात आधीच किती पाणी आहे, त्यावर ठरतं. निवळी नीट ओतली तर चीक घट्ट, मग वाटीला वाटी. घाईने ओतली तर चिकातच पाणी राहतं, मग पाऊण.

बाकी रसायन साधं आहे. स्टार्चचे कण पाण्यात विरघळत नाहीत, जड असल्यामुळे तळाला बसतात. गरम पाण्यात ते पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणून पांढरं दूध एकदम काचेसारखं होतं. ती चकाकी आली की शिजला. वाळल्यावर आत जे थोडं पाणी अडकून राहतं, तेच तेलात वाफ होऊन कुरडई फुलवतं. कच्चा राहिला तर फुलत नाही, दात पडतात.


चौथामजला | १३ मे, सकाळी ९.१५

पावणेपाचला उठलो. वरचं पिवळट पाणी अगदी सावकाश ओतलं. खाली दही लागल्यासारखा थर, चमचा घातला तर चमचा उभा. वाटीला वाटी घेतलं. पाण्यात मीठ, हिंग. उकळी आल्यावर एका हाताने चीक ओतत दुसऱ्या हाताने रवीच्या दांड्याने ढवळायचं, असं तुम्ही सगळे लिहिता. कुणी हे लिहिलं नाही की मधेच एका क्षणी ते अख्खं एकदम आवळतं आणि दांडा हातातून ओढून घेतं. गुठळ्या. माझा घाम पातेल्यात पडू नये म्हणून मान तिरकी.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज. आई दारात येऊन बसली होती, पेपर कालचाच. पेपरातून डोकं न काढता म्हणाली, "खालून."

खालून ढवळलं. दोन मिनिटांनी, "भिंतीला घासून."

गुठळ्या पातेल्याच्या कडेला दाबून दाबून फोडल्या. सगळ्या नाही फुटल्या. मग रंग बदलायला लागला, पांढऱ्याचा राखाडी, राखाडीची चकाकी. "झाकण. गॅस बारीक. आता हात लावू नकोस." एवढं बोलून परत पेपर.

वाट्या भरल्या. तेल, तिखट. मुलीने चमचा तोंडात घेतला आणि म्हणाली, "बाबा, ही तर खळ आहे." तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, वादच नाही. बायकोने साखर-दूध घेतलं. मी उभ्यानेच खाल्ला, टाळू पोळली. आईने वाटी घेतली, बोटाने खाल्ला, वाटी पुसून घेतली. मग म्हणाली, "मीठ कमी आहे."

मंडळी, मीठ खरंच कमी होतं.

सोऱ्या पितळी, आजीचा. पहिल्या दहा कुरडया म्हणजे शेवयांचा अपघात. पंधरावीपासून गोल यायला लागल्या. एकूण ६१. उजवं मनगट आता माऊस धरत नाही, साहेबांना कळवलंय.


आमसूल | १३ मे, सकाळी ९.४०

आज-उद्या पुण्यात शून्य सावली ना? आमच्याकडे होऊन गेली, मेच्या पहिल्या आठवड्यात. सूर्य रोज थोडा उत्तरेला सरकतो. आधी आमच्या डोक्यावर, मग तुमच्या, मग मुंबई, नागपूर २६ च्या सुमारास. लेकीला गच्चीवर पाठवा, पुण्यात साडेबाराच्या आसपास.


दिल्लीतला_श्रीखंडवाला | १३ मे, सकाळी ११.०५

आम्ही कर्कवृत्ताच्या वर, आमची सावली आम्हाला कधीच सोडत नाही. इथे फक्त लू. काल धुळीच्या आंधीत माझ्या सांडग्यांचे मुरूम झाले. बाकी चालू द्या.


चौथामजला | १३ मे, रात्री ९.००

मुलगी खरंच गेली. स्टीलचा पेला उपडा ठेवून बसली होती छत्री घेऊन. १२.३१ ला पेल्याच्या भोवती काहीच नाही, जणू कुणीतरी चित्रात सावली काढायला विसरलं. कुरडयांच्या खालीसुद्धा नाही. पाच मिनिटं तिने फोन हातात घेतला नाही, मग घेतला. कावळेही तिनेच हाकलले, त्याचे पैसे मागतेय.

चोथ्याच्या भुसवड्या पण टाकल्यात. कळण्याची भाकरी, धन्यवाद.


चौथामजला | १४ मे, सायंकाळी ७.२०

वळीव.

दुपारी चारपर्यंत कडक ऊन, साडेचारला काळं. मी काउंटरवर. आईचा फोन: "आभाळ आलंय." म्हटलं, मी निघू शकत नाही. तिने फोन ठेवला. मुलगी मैत्रिणीकडे, बायको ऑफिसात. आम्ही सर्वात वरच्या मजल्यावर, गच्ची एका जिन्यावर, पण तो जिना तिला चढत नाही.

पुढचं मला तिघा-चौघांकडून कळलं. आई दार उघडून जिन्याच्या कठड्याशी उभी राहिली आणि खाली हाका मारायला लागली. गावाकडची हाक, शेतातून वस्तीवर मारायची तशी. "अगं कुरडयाऽऽ भिजतायत!" नाव नाही, गाव नाही. या इमारतीत आम्ही ११ वर्षं राहतो, आई फार तर चार जणींशी बोलते. आल्या सात. सेक्रेटरींच्या वहिनी सर्वात पुढे, ओल्या हातांनी. प्लास्टिकची चार टोकं धरून सगळं उचललं आणि पावसाचे टपोरे थेंब सुरू झाल्यावर जे दार जवळचं दिसलं त्यात शिरल्या.

सध्या माझ्या कुरडया तीन घरांत पंख्याखाली आहेत. आईला विचारलं, कुणाकुणाकडे? "मला काय माहीत, मी वरून बघत होते."


जुनी_काकू | १४ मे, सायंकाळी ७.३५

पंखा पुरतो. पण उद्या ऊन पडलं की अर्धा दिवस तरी उन्हात टाक, नाहीतर जूनमध्ये बुरशी. दमट असताना डबा बंद करू नकोस.


चौथामजला | १७ मे, दुपारी १.५०

शेवटची बातमी. काल दिवसभर खणखणीत ऊन मिळालं. टाकल्या ६१, परत आल्या ५२. तुटक्या धरून. तळमजल्यावरून आलेल्या डब्यात आंब्याची डाळ होती. दुसऱ्या मजल्यावरच्या ताटात आमच्याच कुरडया, पण तळून, चव बघायला दोन. नऊचा हिशेब लागत नाही. संशय आहे, पण या बायकांना विचारणार कोण?

आज रस केला. पायरीचा, हापूसची पेटी परवडली नाही आणि मला रसाला पायरीच आवडतो. ताटात रस, पोळी आणि फुललेली कुरडई. कुरडई रसात मोडून लगेच खायची, मऊ पडायच्या आत. आतमध्ये एकीत कडक गुठळी लागली. आईच्या ताटात होती ती. तिने दाताखालून काढली, ताटाच्या कडेला ठेवली आणि दुसरी कुरडई घेतली.

चावी परत केली. सेक्रेटरी म्हणाले, अर्जाची प्रत फाईलला राहू द्या, पुढच्या वर्षी वरची तारीख फक्त बदला.


शंकासुर | १७ मे, दुपारी २.४०

सहज विचारतोय. लोकवनच लागतो का? घरात खपली पडलाय दोन किलो.


जुनी_काकू | १७ मे, दुपारी २.४४

लोकवन आण. एकच किलो घे. आणि रोज पाणी बदल.


वऱ्हाडी_ठेचा | १७ मे, दुपारी ३.०२

शंकासुरभाऊ, २५ ले नवतपा लागते, म्हणजे नऊ दिवस कडक ऊन. तिकडे आभाळ आलं तं ओल्याच घेऊन अकोल्याले या, दीड दिवसात वाळवून देतो. कूलरमधे पाणी मात्र तुम्ही भराचं.